अकरा पायऱ्या

आमच्या धक्क्याला अकरा पायऱ्या आहेत.
माझ्या वडिलांनी, एलेउतेरिओनं, त्या केब्राचोच्या लाकडातून काढल्या.
हे लाकूड पाण्यात कुजत नाही,
धार जाते ती कुऱ्हाडीचीच.
इथे, पारानाच्या तोंडाशी, या बेटाबेटांच्या चिखलात
पाण्याची उंची कुणी मीटरमध्ये सांगत नाही.
"सातवर आलंय, देल्फिना!" पलीकडून बासिलिओ ओरडतो,
आणि मी गादी टेबलावर चढवते.

पूर वरून येतो, असं शहरातल्यांना वाटतं.
आमचा बहुतेकदा खालून येतो.
आग्नेयेचा वारा सुटला, सुदेस्तादा म्हणतो आम्ही त्याला,
की तो रिओ दे ला प्लाताच्या रुंद नरसाळ्यात
समुद्र कोंबत राहतो, दोन दिवस, कधी तीन.
आणि नदी, जी निरोप घेऊन निघालेली असते,
गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखी
सामानासकट परत येते:
ओंडके, जलपर्णीचे तराफे, त्यावर वेटोळं घालून साप,
कुणाची तरी एक निळी चप्पल.

मार्चमध्ये लुदमिला आली, विद्यापीठातली,
गमबुटांत, गळ्यात मोजपट्टी.
घराच्या खांबावर वडिलांनी चाकूनं पाडलेल्या खाचा
तिला हव्या होत्या.
"ही कधीची?"
धाकट्या मामीच्या लग्नातली. केक तरंगत गेला.
"आणि ही?"
वासरू छपरावर चढवलं तेव्हाची.
"साल?"
साल वासराला विचारायला हवं होतं.

मग तिनं वाऱ्याचं विचारलं.
लग्नातल्या वाऱ्यानं पत्रे उडाले होते,
बासिलिओच्या बापाचे चार पॉपलर मुळासकट आडवे झाले,
आणि पाणी आठवर थांबलं.
गेल्या वर्षीचा वारा?
दोरीवरचे कपडे धड वाळले नसते, इतका.
अंगणात मी मेणबत्ती घेऊन कोंबड्या मोजत होते.
पाणी नऊवर.

लुदमिला बराच वेळ खाचेवर बोट ठेवून उभी.
"वारा वाढलेला नाही, मावशी.
तो ज्याला ढकलतो, ते पाणी आधीच वर उभं आहे."

म्हणजे पोर तेच, हातही तेवढाच,
फक्त आता स्टुलावर चढून
साखरेच्या डब्याकडे हात घालतंय?

ती हसली. वहीत लिहून घेतलं.
मी माते ओतला. तिला कडू लागला, तरी प्यायली.
मग मी विचारलं, तर घर किती उचलू?
तिनं वहीकडे पाहिलं, मग लिंबाच्या झाडाकडे,
ज्याची पानं मुळांत पाणी साचून पिवळी पडली आहेत,
आणि म्हणाली, "किती वर्षांसाठी?"

घर किती वर्षांसाठी,
असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

कालच शाळेच्या लाँचमधून उतरून
तादेओनं घराचं चित्र दाखवलं.
धूर आहे, कुत्रा आहे, मीही आहे, लाल झग्यात.
पायऱ्या मोजल्या. आठ.
तीन विसरलास, म्हटलं.
"कुठे आहेत?"

खरंच, कुठे आहेत?
हल्ली ओहोटीलाही त्या उघड्या पडत नाहीत.
हिवाळ्यात उत्तरेचा वारा नदी बाहेर ओढतो
तेव्हा एखाद-दुसरी दिसते,
हिरवी, बुळबुळीत, शेवाळाची दाढी वाढवून.
सात वर्षांच्या पोराच्या घराला आठच पायऱ्या आहेत.
तो खोटं काढत नाही.

मी वल्हं घेतलं. धक्क्यावर पालथी झाले.
गढूळ पाण्यात सरळ खाली सोडलं.
टक.
जरा खाली, टक.
अजून खाली, खांद्यापर्यंत हात भिजला तेव्हा,
टक.

त्यानं कान लावून ऐकलं.
मग विचारलं, "आजी, त्यांच्याखाली पण आहेत का?"

तेवढ्यात वळणावर दुकानाच्या बोटीचा भोंगा वाजला.
मी ओला हात झग्याला पुसला.
यीस्ट घ्यायचं होतं, रॉकेल,
आणि मोठे खिळे, न गंजणारे.
किती, ते अजून ठरवलं नव्हतं.